हेझ की अफगाणी इंडिका? नाव एकीचं, धंदा दुसरीचा

आधीच सांगतो, हेझ आणि अफगाणी इंडिका या गांजाच्या जाती, आणि हे सगळं कॅलिफोर्निया-हॉलंडकडचं आहे, आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे, कुंडीत लावायचा विचारही नको.

तर हेझ ही कॅलिफोर्नियात सांताक्रूझ भागात १९७० च्या आसपास तयार झालेली सटिव्हा, म्हणजे गांजाचा उंच वाढणारा, उशिरा पिकणारा प्रकार; इंडिका हा दुसरा. वास, चव एक नंबर, पण फुलोरा पिकायला १२ ते १६ आठवडे! अफगाणी इंडिका ८-९ आठवड्यांत मोकळी. म्हणजे बंद खोलीत लाइट लावून पीक काढणाऱ्याला इंडिकाची वर्षाला पाचेक पिकं निघतात तिथे हेझची जेमतेम तीन, आणि भाडं, लाइटबिल, एसी काही थांबत नाही. त्यात हेझ फुलोऱ्यातही ताडमाड वाढत जाते, पार दिव्याला जाऊन टेकते, आणि कळ्या बघाल तर विरळ, भुसभुशीत. इंडिका बुटकी, कळी घट्ट, बरणीत भरलेली वजनदार दिसते, गिऱ्हाईक तिकडेच हात घालतं.

बाहेर लावावी तर हॉलंडमध्ये ती पिकायच्या आत गारठा नि पाऊस येतो, कारण मूळ बियाणं विषुववृत्ताकडच्या लांब सीझनचं. एक मात्र आहे, विरळ कळीत हवा खेळते म्हणून बुरशी कमी लागते, घट्ट इंडिका दमट हवेत आतून सडते आणि वरून कळतही नाही.

म्हणून १९८० च्या दशकात हॉलंडमध्ये नॉर्दर्न लाइट्स नावाच्या जातीसारख्या इंडिकाशी हेझचा क्रॉस केला, दिवस कमी झाले, वजन वाढलं. आजही दुकानात हेझ म्हणून मिळतं ते बहुतेक असलंच, अस्सल हेझ लावणारे हौशीच, ज्यांना हिशोब जुळवायचा नसतो.