बिल्ला बसतो, नोंद राहून जाते: ठाणे जिल्ह्यातली सरकारी पशुवैद्यकीय सेवा

मुरबाड-शहापूरकडचा गोठा असो की कल्याण-भिवंडी पट्ट्यातला म्हशींचा तबेला, सरकारी दवाखान्याशी गाठ पडते ती बहुतेक दोनदाच: लस आली की, आणि जनावर पडलं की. लसीच्या बाबतीत ही सेवा चांगली आहे. नोंदीच्या बाबतीत ढिली आहे, आणि मालकाचं अडतं ते नेमकं तिथेच. पाचापैकी साडेतीन गुण.

कानातल्या १२ अंकी पिवळ्या बिल्ल्यापासून सुरुवात करू. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. वीज पडून किंवा बिबट्याने मारून जनावर गेलं आणि कानात बिल्ला नसला, तर भरपाईही नाही. बिल्ला कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधल्या जागेत बसायला हवा. कडेला मारला की कुंपणात अडकतो आणि कान फाडून बाहेर येतो. भर पावसात मारलेल्या बिल्ल्याच्या जखमेवर माशी बसते, चार दिवसांत किडे पडतात. त्यामुळे चिमटा जंतुनाशकात बुडवला की नाही, हे मालकाने शेजारी उभं राहून बघावं आणि आठवडाभर जखमेवर मलम लावावं.

मारण्याचं काम सहसा नीट होतं. घोळ पुढे होतो. नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत चढते, पण पाड्यावर रेंज नसली की क्रमांक आधी वहीत उतरतात आणि मोबाइलमध्ये नंतर. एक आकडा चुकला की तुमची गाय दुसऱ्याच्या दावणीला. उपाय साधा आहे: ‘१९६२’ नावाचं शेतकऱ्यांसाठीचं ॲप उघडून स्वतःच्या जनावरांचे क्रमांक, वय, लसीच्या तारखा तपासायच्या. बिल्ला गळून पडला तर नव्या बिल्ल्याची ‘बदल’ म्हणूनच नोंद करायला सांगा. नवं जनावर म्हणून चढवलं तर जुन्या लसींचा इतिहास त्या हरवलेल्या बिल्ल्याबरोबर जातो.

आता लस. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, शेळ्यांना आंत्रविषाराचीही पावसाळ्याआधीच. सांसर्गिक गर्भपाताची मात्र फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदा. अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगासाठी २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती चालते. पण संरक्षण पूर्ण मिळत नाही. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्याच काळात जनावर आजारी पडलं की दोष लसीच्या माथी मारला जातो.

लस खरोखर वाया जाते ती पेटीत. तापमान २ ते ८ अंश हवं. खुरकुताची लस बर्फाला चिकटून गोठली तर ती गेलीच, वरून कितीही ठीक दिसू दे. उलट देवीची जिवंत लस पाण्यात मिसळल्यावर उन्हात राहिली तर दुपारपर्यंत निकामी. लस टोचणाऱ्याला कुपी कधी मिसळली हे बेधडक विचारा. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. घाईत हीच गोष्ट सगळ्यात आधी सुटते.

१९६२ याच क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक येतं: एक पशुवैद्यक, एक सहायक, एक चालक. निकष लाख जनावरांमागे एक गाडी असा आहे, हे लक्षात ठेवून अपेक्षा धरावी. अडलेली म्हैस रात्रीवर ढकलू नका, सकाळीच फोन लावा. बिल्ल्याचा क्रमांक, गाभण असल्यास महिना आणि ताप हाताशी ठेवा.

कोंबडीवाल्यांसाठी गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतल्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत देखरेख. नमुना आधी पुण्याला, मग भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत शेडमधून एक पक्षी, एक अंडं, खताचं एक पोतंही बाहेर काढू नये. पैसे मिळतात ते सरकारने मारलेल्या पक्ष्यांचे, आपोआप मेलेल्यांचे नाहीत. म्हणून मरतूक लपवून चार दिवस काढणारा स्वतःचंच नुकसान करून घेतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे आणि ग्रामपंचायतीने ते जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं असतं. ‘सरपंचांच्या कानावर घातलंय’ एवढ्यावर थांबू नका, अर्जावर पोच घ्या. या टप्प्यावर सेवा कडक असते, आणि तशीच असावी.

शेवटचं, मुरबाडकडच्या म्हसा यात्रेच्या बाजारात बैल घेणाऱ्यांसाठी. दात आणि खूर बघून झाले की बिल्ल्याचा क्रमांक विकणाऱ्याच्या मोबाइलवर उघडायला लावा. नाव त्याचंच असेल तर पुढचं बोला. पैसे देण्याआधी मालक बदलाची नोंद कधी, कुठल्या दवाखान्यात करायची ते ठरवून घ्या. घरी आणल्यावर तीन आठवडे बैल वेगळ्या दावणीला ठेवा, गोचीड काढा, आणि त्याची पाण्याची बादलीही वेगळी.