घरी कुत्रा आहे, मग लॉन कुठलं? कृत्रिम, खरं की नुसती फरशी

दुकानात कृत्रिम लॉनची गुंडाळी उलगडली की माणूस वरून हात फिरवतो आणि रंग पसंत करतो. कुत्रा असणाऱ्यानं तो तुकडा आधी उलटा करून बघावा. वरचं गवत कसंही असलं तरी निभावतं. शू खालून कुठे जाणार, यावर पुढची पाच-सहा वर्षं सुखाची की वासाची हे ठरतं.

इथे कृत्रिम लॉनच्या शेजारी खरं लॉन आणि साधी फरशी असे दोन पर्याय ठेवले आहेत. फरशीचा विचार सहसा कुणी करत नाही, पण बऱ्याच घरांत तीच बरी पडते. हिशेबासाठी दहा बाय दहाची, म्हणजे १०० चौरस फुटांची जागा आणि ३० किलोचा लॅब्रॅडोर धरू.

आधी शूचा हिशेब

निरोगी कुत्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण २० ते ४० मिलिलिटर शू करतो. आपल्या लॅबची झाली ६०० ते १२०० मिलिलिटर. निम्मी फिरायला नेल्यावर बाहेर गेली असं धरलं, तरी रोजची ४०० मिलिलिटर घरीच. दिवाळी सरल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत सातेक महिने वरून थेंब पडत नाही. तेवढ्या काळात त्या दहा बाय दहात ८० लिटरच्या वर शू जिरते, किंवा जिरत नाही.

खऱ्या लॉनखाली माती असते. मातीतले जिवाणू शूमधल्या युरियाचं खत करतात आणि गवत ते खातं. फरशीवरची शू बादलीभर पाण्यानं मोरीत जाते. कृत्रिम लॉनमध्ये फक्त पाणी उडून जातं, बाकीचं सगळं तंतूंच्या बुडाशी आणि पाठीच्या थरात राहतं. युरियाचा अमोनिया होतो आणि ऊन चढलं की तो वर येतो. त्यामुळे ‘पावसाळ्यात वास मारेल’ ही भीती बरोबर उलटी आहे. पावसाळ्यात गच्ची फुकटात धुतली जाते, तेव्हा शेवाळ सांभाळावं लागतं. वासाचे महिने मार्च, एप्रिल, मे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात त्याची एक छोटी रंगीत तालीम होते.

जाता जाता एक. सफाईच्या बाटल्यांवर ‘युरिक ॲसिडचे स्फटिक विरघळवते’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. कुत्र्याचं शरीर बहुतेक युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन करून टाकतं, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियन जात याला ठळक अपवाद आहे. बाकीच्यांच्या बाबतीत झगडा युरियाशी आहे, आणि त्यावर पहिलं औषध भरपूर पाणी.

नीट न बसवलेल्या लॉनची कड मार्चमध्ये उचलून पाहिली की दुखणं दिसतं. पाठीवरच्या भोकांभोवती तपकिरी कडी पडलेली असते, निम्मी भोकं केस आणि धूळ मिळून झालेल्या लगद्यानं बुजलेली, आणि खालच्या फरशीवर मिठासारखी पांढरी पापडी. वरून हे लॉन हिरवंगारच दिसत असतं.

पाणी खरंच वाचतं का?

‘या लॉनला पाणी लागत नाही’ हे वाक्य कुत्रा नसलेल्या घरासाठी आहे. भर उन्हाळ्यात खऱ्या लॉनला दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. १०० चौरस फुटांना म्हणजे ४५ लिटर, तीन बादल्या. कृत्रिम लॉनवर प्रत्येक शूनंतर त्या जागी ४-५ लिटर पाणी ओतावं लागतं आणि आठवड्यातून एकदा सगळं लॉन पाइप लावून १०० लिटरनं धुवावं लागतं. सरासरी काढली तर रोजचे २५ लिटर. बचत आहे, पण निम्म्याची, आणि पावसाळ्यात खऱ्या लॉनचा खर्च शून्यावर येतो. फरशीला रोज एक बादली आणि वायपर पुरतो. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा फरक लहान नाही.

ऊन

अमेरिकेत युटा राज्यातल्या ब्रिघम यंग विद्यापीठात २००२ मध्ये कृत्रिम मैदानाचं तापमान मोजलं गेलं. सुमारे ७९ अंश सेल्सिअसला तापलेलं मैदान पाणी मारल्यावर २९ अंशांवर आलं, पाच मिनिटांत ४९ वर गेलं आणि वीस मिनिटांत ७३ वर. ते रबराचा चुरा घातलेलं खेळाचं मैदान होतं, घरगुती लॉनमध्ये रबर नसतं. पण प्लॅस्टिक उन्हात तापणारच, आणि पाणी मारून मिळालेला गारवा टिकत नाही, हे इथेही लागू आहे. खरं गवत पानांतून पाणी सोडत स्वतःला गार ठेवतं. फरशी तापते, पण फिकट रंगाची काळ्या कडाप्प्यापेक्षा कमी.

पारख सोपी आहे. तळहाताची मागची बाजू लॉनवर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही टिकणार नाहीत. नागपूर-अकोल्याकडे उघड्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कृत्रिम लॉन वापरायचं नाही, असंच धरून चाला. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकून अंग गार करणं आधीच जड जातं, त्यांना तिथे सोडूच नका. हिरवी शेडनेट लावली तर चित्र बरंच बदलतं. तो खर्च लॉनच्या खर्चातच धरा.

कृत्रिम घ्यायचं तर असं घ्या

उंच तंतू महाग आणि दिसायला छान, म्हणून ४० मिलिमीटर घेतलं जातं. कुत्र्यासाठी २५ मिलिमीटर पुरे. पोट बिघडल्यावर कुत्रा ४० मिलिमीटरच्या लॉनवर बसला की काय होतं, ते एकदा साफ केलेला माणूस पुन्हा ते घेत नाही. तंतू पॉलिइथिलीनचे हवेत. नायलॉन थोडं पाणी शोषतं आणि वास धरतं. पाठ पीयूची (पॉलियुरेथेनची) मिळाली तर लॅटेक्सपेक्षा बरी. नमुन्यावर ग्लासभर पाणी ओता. ते भोकांतून खाली धावलं पाहिजे, वर थबकता कामा नये. चांगल्या मालाला चौरस फुटाला साधारण ४० ते १०० रुपये पडतात, खालची तयारी वेगळी. गुंडाळी बहुधा साडेसहा फूट रुंद येते, म्हणजे दहा फुटांत एक जोड येणारच. तो जोड कुत्र्याच्या आवडत्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. शू आधी जोडाचा गोंद सोडवते आणि मग कुत्रा दातांनी उरलेलं काम करतो.

बाल्कनीत लॉन चिकटवूच नका. तीन बाय चारचे दोन तुकडे घ्या, एक वापरात आणि दुसरा धुऊन कठड्यावर वाळत. आणि धुताना खालच्या मजल्यावर पाणी टपकत नाही ना, हे आधी बघा. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

गच्चीवर आधी उतार तपासा. दहा फुटांना दीड इंच हवा. पाच-सहा बादल्या ओता आणि दहा मिनिटांनी बघा. जिथे डबकं राहिलं तिथेच उद्या वास येणार, आणि लॉन घातल्यावर ते डबकं दिसणारही नाही. आधी कोबा दुरुस्त करा. मग लॉनखाली ३० मिलिमीटर उंचीचे प्लॅस्टिकचे ड्रेन सेल टाका, म्हणजे खालून पाणी आणि वारा दोन्ही खेळतं. नहाणी ट्रॅपवर, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या तोंडावर, लॉन पसरायचं नाही. तिथे चौकोन कापून उचलता येणारी चकती ठेवा, कारण महिन्याभरात जाळीवर केसांची गादी बसते. गच्चीवर वाळू भरू नका, ती पहिल्याच पावसात पाइपात जाते.

जमिनीवर चार इंच माती काढून तळाला उतार द्या आणि तीन इंच २० मिलिमीटरची खडी भरा. १०० चौरस फुटांना २५ घनफूट, म्हणजे पाव ब्रास. वर बोटभर बारीक खडी, मग जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कृत्रिम कापड), मग लॉन. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, सपाटी छान येते म्हणून कामगार कच पसरतात. कचातली भुकटी शू धरून ठेवते. दुसरी, तण येऊ नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद घालतात आणि सगळ्या अंगणाचं तसराळं होतं.

जमिनीवरच्या लॉनमध्ये वाळूऐवजी दाणेदार झिओलाइट हे सच्छिद्र खनिज भरता येतं. ते अमोनियम धरून ठेवतं. कोळंबीच्या तळ्यांसाठी ते विकलं जातं, म्हणून किनारपट्टीवर शोधायला फिरावं लागत नाही. चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे आपल्या जागेला ५० किलोच्या आसपास. भुकटी नको, दाणेच. पण त्याची पकड भरते आणि मग ते नुसती वाळू होतं. रोजचं पाणी त्यानं चुकत नाही.

धुताना फिनाइल टाळा. पंजाला लागलेलं फिनाइल कुत्रा चाटतो. शूवर ब्लीच कधीच नाही, अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू तयार होतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून शिंपडा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. आठवड्याच्या धुण्यानंतर उलट्या दिशेनं खराटा मारला की आडवे झालेले तंतू उभे राहतात.

खरं लॉन

उन्हाच्या जागी आणि मातीवर हेच सगळ्यात निरोगी. त्याची अडचण पिवळ्या चट्ट्यांची. मधे जळलेलं गवत आणि भोवती गर्द हिरवं कडं दिसलं की समजा, नायट्रोजन मधे जास्त झाला आणि कडेला खत म्हणून लागला. मादी बसून एकाच जागी सगळी शू करते म्हणून तिचे चट्टे मोठे. नर कुंड्या आणि भिंती गाठतो. कुत्र्याला टोमॅटोचा रस पाजून हे थांबत नाही, कारण दोष आम्लतेचा नाही. शू झाल्या झाल्या तिच्या तिप्पट-चौपट पाणी ओतलं की भागतं.

दाट गालिच्यासारखं मेक्सिकन लॉन दिसतं देखणं, पण चट्टा भरून यायला महिने लावतं. हरळीच्या जातीचं लॉन दिसायला साधं, पण जमिनीलगत धावत्या फांद्या सोडत भराभर पसरतं. कुत्र्याच्या घरी हरळीच. रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर मात्र दोन्ही विरळ होतात, आणि कुत्रा धावतो त्या वाटेची पावसाळ्यात चिखलवाट होते. लव्हाळा उपटत बसावं लागतं ते वेगळंच.

गच्चीवर खरं लॉन घालण्याआधी वजन मोजा. सहा इंच ओली माती चौरस मीटरला २५० किलोच्या पुढे जाते. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे १५० किलोच्या आसपास. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदाशिवाय हा उद्योग नको.

कृत्रिम लॉन घातलं की गोचिडा जातात, असंही सांगितलं जातं. आपल्याकडची कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. लॉनची न चिकटवलेली कड तिला भेगेसारखीच. औषध कुत्र्यावर आणि भेगांत, दोन्हीकडे लागतं.

फरशी

खरखरीत शहाबादी किंवा न घासलेला कोटा, चांगला उतार, सांधे सिमेंटनं नीट भरलेले, झालं. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, त्यामुळे व्हिनेगर किंवा ॲसिड यांवर चालत नाही. साबण आणि पाणी पुरे. पिल्लू घरात येणार असेल, किंवा त्या जागी आधी पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेला कुत्रा होता, तर फरशीला पर्याय नाही. तो विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि कडक पृष्ठभागच खात्रीनं निर्जंतुक करता येतो: आधी साबणानं स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात. पिल्लांना कृत्रिम लॉनचे तंतू उपटून गिळायची सवयही असते. आतडं अडलं तर थेट शस्त्रक्रियेवर जातं.

म्हातारा कुत्रा मात्र गुळगुळीत फरशीवर घसरतो. सांधे धरलेल्या लॅबला लॉनची पकड बरी वाटते. तेवढ्यापुरती दोन फुटी पट्टी चालण्याच्या वाटेवर टाका, शूच्या जागेवर नाही.

मग आपल्या घरी?

मातीचं अंगण आणि ऊन असेल तर हरळी. सावलीचं अंगण असेल तर खाली खडी भरून कृत्रिम. गच्चीवर रोज पाइप धरणारा माणूस घरात असेल तरच कृत्रिम. ‘रविवारी धुऊ’ म्हणणाऱ्या घरात फरशी. सगळ्यांत चांगली मांडणी मिश्र आहे: नहाणी ट्रॅपजवळ चार बाय चार फरशी शूसाठी, बाकी जागेत लॉन खेळायला. कुत्र्याला पायाखालचा पोत कळतो. कृत्रिम लॉनवर शू करायला शिकलेला कुत्रा पुढे घरातल्या पायपुसण्यालाही लॉनच समजतो. फरशीवर शिकवलं तर हा घोटाळा बराच टळतो. पंधरा दिवस रोज सकाळी पट्टा बांधून त्याच कोपऱ्यात न्या, झाल्यावर खाऊ द्या आणि लगेच पाणी ओता.

तरीही मन कृत्रिम लॉनवरच असेल तर सगळी गुंडाळी घेऊ नका. दोन बाय दोनचा तुकडा आणा, उन्हाळ्यात कुत्र्याच्या शूच्या जागेवर ठेवा आणि जमेल तेवढंच धुवा, मुद्दाम जास्त नाही. पंधराव्या दिवशी दुपारी दोन वाजता गुडघ्यावर बसून वास घ्या.