नेरुळच्या घरी स्वतः बसवलेला सौना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नेरुळमधील आमच्या रो हाऊसच्या वरच्या मजल्यावर अडगळीची खोली होती. तिचा एक कोपरा अडवून गेल्या नोव्हेंबरात मी सौना, म्हणजे बसून घाम काढण्यासाठी तापवायची लाकडी खोली, बसवला. आतले माप चार बाय पाच फूट आणि उंची साडेसहा फूट, म्हणजे १३० घनफूट. साधारण ४५ ते ५० घनफुटांना एक किलोवॉट, या ठोकताळ्याने तीन किलोवॉटचा हीटर घेतला आणि तिथेच फसलो. हा हिशेब सगळ्या बाजू उष्णतारोधक असतील तेव्हाचा आहे, आणि मी हौसेने दरवाजा पूर्ण काचेचा केला होता. काचेच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १.२ घनमीटर जागा जास्तीची धरावी लागते, हे मला नंतर कळले. त्यामुळे ८० अंशांपर्यंत पोहोचायला सव्वा तास लागतो आणि पावणेचार युनिट वीज बसण्याआधीच खर्च होते.

भिंतींचे काम मात्र मनासारखे झाले. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यात ५० मिलिमीटरचे रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), त्यावर सांधे चिकटपट्टीने बंद केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मग अर्ध्या इंचाची पोकळी आणि शेवटी फळ्या, असा क्रम ठेवला. "साहेब, फळी सरळ फॉइलवर ठोकू, जागा वाचेल," असे मदतीला आलेला सुतार दोनदा म्हणाला. पण पोकळी नसेल तर फॉइल उष्णता परतवू शकत नाही आणि फळीमागची ओल सुकत नाही. फळ्या पाइनच्या आहेत. त्यांच्या गाठींतून पहिले दोन महिने राळ पाझरत होती, एकदा तर तिचा तापलेला थेंब खांद्यावर पडला. बाकासाठी सुदैवाने बिनगाठीचे लाकूड वापरले होते आणि स्क्रू खालून मारले होते. आत कुठेही पॉलिश लावलेले नाही.

वायरिंगला मी हात लावला नाही. तीन किलोवॉटला सुमारे १३ अँपिअर लागतात, म्हणून परवानाधारक वायरमनकडून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतली. जुलैत तीन आठवडे सौना बंद राहिला आणि नंतर चालू करताच आरसीसीबी पडू लागला. हीटरच्या कॉइलच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची विद्युतरोधक भुकटी दमट हवेतली ओल शोषून घेते, हे त्याचे कारण. दुसऱ्या एका वायरमनने आरसीसीबीच काढून टाकण्याचा सल्ला दिला, तो अर्थातच मानला नाही. पहिल्या वायरमनने मेगर (वीजगळती तपासण्याचे उपकरण) लावून तपासले, कॉइल काढून सुकवली आणि परत बसवली. तेव्हापासून पावसाळ्यात दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हीटर पंधरा मिनिटे रिकामाच चालवतो आणि वापरानंतर दार उघडे ठेवतो. कुबट वासही त्यामुळे गेला.

डिसेंबर-जानेवारीत सौनाचा खरा आनंद मिळाला. मे महिन्यात घाम काढून बाहेर आल्यावर गार पाणी हवे असते, आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याइतके कोमट झालेले असते. म्हणून तेव्हा सौना पहाटे साडेपाचला तापत ठेवावा लागला. दिवाळीपूर्वी काच काढून रॉकवूल भरलेला लाकडी दरवाजा बसवणार आहे. हीटर तोच राहील.