मोडीचा वर्ग आणि वंशावळीचं संमेलन: वर्षभर वापरून पाहिल्यावर

झेरॉक्सपासूनच सुरुवात करते, कारण मी ज्या मोडी लिपीच्या वर्गाला गेले होते त्याची नवीन बॅच जाहीर झालीये, फी वाढलीये आणि जाहिरातीत परत तेच वाक्य आहे, "सरावासाठी अस्सल मोडी कागदपत्रे दिली जातील". आम्हालाही हेच सांगितलं होतं आणि हातात पडली ती झेरॉक्सची झेरॉक्स, बहुतेक तिचीही झेरॉक्स. संस्थेचं नाव घेत नाही. शनिवार-रविवारचा वर्ग, अठराशे रुपये फी, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र, असे वर्ग बऱ्याच गावांत चालतात, आणि २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसल्यापासून जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना एवढी मागणी आलीये की दर महिन्याला नवा वर्ग निघतोय. ज्यांना नोकरीसाठी किंवा दाखल्यासाठी नाही, तर आपल्या घराण्याचा माग काढायला शिकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आता एवढं काय झेरॉक्सचं, असं घरचे पण म्हणतात. पण बघा, मोडीत आधी ओळभर सरळ रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत, र्‍हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे वाचणाऱ्याला आधार कशाचा, तर अक्षराचं पोट किती गोल आहे, काना कुठून वळवून वर नेलाय, शेपूट आत गेलीये की बाहेर, एवढाच. झेरॉक्समध्ये नेमकं हेच जातं. पोटं बुजतात, बारीक रेघा उडतात, कागदाला कसर लागलेली असेल तर त्या भोकांचे काळे ठिपके होतात आणि अख्खा वर्ग त्यांना अनुस्वार समजून वाचत बसतो. 'प॥' म्हणजे परगणे, 'सु॥' म्हणजे सुहूर सन (जुन्या कागदांतली एक कालगणना), त्या दोन उभ्या रेघा दिसल्याच नाहीत तर ते संक्षिप्त रूप आहे हे नवशिक्याला कळणार कसं? मी विचारलं, "सर, मूळ स्कॅन ग्रुपवर टाकता येतील का?" तर ऑफिसमधून उत्तर आलं, "मोबाईलवर फोटो काढून घ्या ना ताई". कशाचा फोटो, तर त्याच झेरॉक्सचा. पीडीएफ पाठवायला एक रुपया लागत नाही हो. आणि झेरॉक्सचे दीडशे रुपये फीच्या वर वेगळे घेतले होते, ते मला अजून खुपतंय.

शिकवणाऱ्या सरांबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. त्यांनी रोज एक पान बाराखडी लिहून घेतली, नुसतं ओळखायला नाही तर लिहायला लावलं, आणि हात वळल्याशिवाय डोळा वळत नाही हे आठवडाभरात पटतं. चिटणीशी, बिवलकरी, रानडी ही वळणं त्यांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली. आणि कालगणनेचा जो एक पानी तक्ता दिला त्याला तोड नाही, तो मी लॅमिनेट करून घेतलाय आणि वर्षभर पर्समध्ये आहे.

तक्ता का महत्त्वाचा ते एका उदाहरणानं सांगते. सरावाच्या एका कागदावर तारीख होती, "छ ७ रजब, सु॥ सीत सबैन मया व अलफ". पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं. पण सीत म्हणजे ६, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, झाले ११७६. सुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६०० हे महिन्यावर ठरतं, कारण ते वर्ष मृगाला म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. 'छ' म्हणजे चंद्र, रजबची ७ वी तारीख, त्या वर्षी रजब भाद्रपदाच्या सुमारास आला होता म्हणून ५९९, म्हणजे सप्टेंबर १७७५. शकात ७८, आपल्याकडच्या फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९०, हेही त्याच पानावर. बाजारात पुस्तकं आहेत, ऑनलाईन कन्व्हर्टर पण आहेत, पण समोर रुमाल (जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) सोडलेला आणि मोबाईलला रेंज नाही अशा वेळी हा कागदच कामाला येतो.

खरी परीक्षा वर्गाबाहेर झाली. माझं काम साधं होतं. आमच्या घरात चुलत आजोबांनी टाईप करून ठेवलेली वंशावळ आहे, सात पिढ्यांची, आणि तीत एकही बाई नाही. पणजोबांना जन्म दिला त्या बाईचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्याला विचारलं तर म्हणे "आई आईच म्हणायचे तिला, नाव कोण घेतंय". मला ते नाव पाहिजे होतं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला आणि गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ती गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही बघायला मिळाली. तिथे पहिला धक्का. वर्गात शिकवलेलं सगळं पेशवेकालीन, बोरूनं लिहिलेलं, देखणं. आणि इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, टाकानं घाईघाईत खरडलेलं, मधे मधे बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरं घुसलेली, कुठे पेन्सिल. घराण्याचा शोध घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना लागणार हेच अक्षर. ज्यांच्याकडे वतन होतं, इनाम होतं, त्यांचं ठीक आहे, वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष करीना, म्हणजे आपली लेखी हकीकत, देताना पिढ्याच सांगतात, आणि १८५२ च्या कायद्यानंतर इनामं तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे लोकांनी आपले कागद आणि वंशावळी मांडल्या त्या पुण्याच्या पुराभिलेखागारात सापडू शकतात. पण साध्या कुळाच्या घराला आधार महसुलाचाच. वर्गात त्यासाठी एक तास ठेवला होता, शेवटच्या दिवशी, आणि त्यातला अर्धा प्रमाणपत्र वाटपात गेला.

तेव्हाच ठरवलं होतं की रिव्ह्यू लिहायचा तर दोन स्टार. त्यात भर म्हणून "सहा महिने शंकानिरसन" असं सांगितलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप महिन्याभरात फक्त अ‍ॅडमिनसाठी करून टाकला. फोन केला तर "पुढच्या स्तराला प्रवेश घ्या, तिथे शंका घेतो". मी सरळ सांगितलं की जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, त्यात पुढच्या स्तराची अट नाही. ग्रुप उघडायला त्यांनी पंधरवडा लावला. उघडला एवढं खरं.

नंतर वंशावळ आणि कुलवृत्तांत या विषयावरच्या दोन दिवसांच्या संमेलनाला गेले, ते वेगळ्या लोकांचं होतं, बाराशे रुपये, चहा-जेवणासकट. पहिला दिवस सांगण्यासारखा नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, यात सकाळ गेली आणि प्रश्नोत्तरांना "वेळेअभावी" दहा मिनिटं. लोक लांबून एसटीनं आले होते, पिशवीत कागद घेऊन.

तरी त्या दिवशीच्या एका व्याख्यानातली एक गोष्ट लाखमोलाची निघाली. कोतवाल बुक पहिल्या पानापासून चाळत बसू नका, १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं आधी उघडा. इन्फ्लुएंझाच्या साथीत घरंच्या घरं आजारी होती, मृत्यूच्या नोंदी दाट आहेत, आणि जमीन असलेला माणूस गेला की मागे वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, होतो, त्यात बायका-पोरांची नावं सापडू शकतात. हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी "आपला कागद आणा" असं एक सत्र होतं. सहा टेबलं, प्रत्येकावर एक जाणकार, आणि रांग. माझ्या टेबलावर एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब बसले होते. मी तोपर्यंत पणजोबांच्या वडिलांची १९१८ ची मृत्यूची नोंद शोधली होती, पण गावात त्याच नावाचे आणि बापाचंही तेच नाव असलेले दोन माणसं त्याच हंगामात गेलेले. समजा 'रामा बिन गोविंदा', म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, आणि परत 'रामा बिन गोविंदा'. आमचा कोणता? भाऊसाहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाळ, तुमच्या जमिनीचा जुना सर्व्हे नंबर माहितीये का?" माहीत होता, सातबाऱ्यावरून मागे जात काढला होता. "मग नावाच्या मागे कशाला लागलीस, नंबराच्या मागे जा. माणसं एका नावाची असतात, शेत एका नंबराचं एकच असतं."

नकलांच्या गठ्ठ्यात त्या नंबराचा फेरफार माझ्याकडे होताच, वाचता येत नव्हता म्हणून मागे ठेवलेला. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मयत खातेदार, वारस मुलगे दोन, दोघं अज्ञान म्हणजे अल्पवयीन, आणि पुढे "अ. पा. क. आई", अज्ञान पालन कर्ती आई, आणि त्यापुढे नाव, 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको, जुन्या नोंदीत सगळीकडे भेटतं. नावाचं पहिलं अक्षर मला 'ब' वाटत होतं, त्यांना 'य' दिसत होतं. त्यांनी त्याच पानावर, त्याच हाताचं, गावाच्या नावातलं 'य' शोधून दाखवलं, दोन्हींची शेपूट सारखी. कोणत्याही अक्षराचा पुरावा त्याच लेखकाच्या दुसऱ्या अक्षरात शोधायचा, ही पद्धत मी तिथे पाच मिनिटांत शिकले आणि तेव्हापासून प्रत्येक कागदाला आधी त्या लेखकाची वेगळी बाराखडी काढून घेते.

नाव इथे लिहीत नाही, घरातलं आहे. आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "माझं नाव तेच ठेवणार होते म्हणे".

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मधेच वर्गाच्या संस्थेकडून मेल आला, सगळ्या जुन्या बॅचना सरावाच्या कागदांचे रंगीत स्कॅन, फुकट. उघडून बघितले आणि खरंच सुंदर आहेत, शाईचा फिका-गडदपणा दिसतो, कसर कुठली आणि अनुस्वार कुठला ते स्पष्ट कळतं. ज्या एका ओळीवर आमचा अख्खा वर्ग अडला होता ती मी सकाळी चहा होईपर्यंत वाचून काढली. त्यामुळे दोन स्टारचे साडेतीन करतेय. पण फाईलची तारीख बघितली तर स्कॅन आमचा वर्ग सुरू व्हायच्या आधीचे आहेत. म्हणजे कपाटात होते, आणि आम्ही दीडशे रुपये देऊन डाग वाचत होतो. म्हणून चौथा स्टार देत नाही. नवीन बॅचवाल्यांनो, पहिल्याच दिवशी स्कॅन मागा, आहेत त्यांच्याकडे.

बाकी गोष्टी पटकन. संमेलनात तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्री यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वह्यांवर जे सत्र झालं ते चांगलं होतं, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, हरिद्वार कुठेही जायचं असेल तर मूळ गाव पक्कं करून जा, आताचं राहतं गाव नाही, कारण वही शोधतात ती गावावरून. पूर्वज जाऊन आले असतील तर त्यांचं हस्ताक्षर बघायला मिळण्याची शक्यता आहे, नुसत्या नावापेक्षा ते कितीतरी मोठं. आमच्याकडे कोल्हापूर-सांगली भागात हेळवी येतात, पिढ्यांची नावं सांगतात, त्यांच्याबद्दल एक वक्ते "ऐकीव माहिती" म्हणून दोन वाक्यांत पुढे गेले ते मला अजिबात पटलं नाही. आमच्या हेळव्यानं सांगितलेल्या नावांतली चार फेरफाराशी तंतोतंत जुळली. जुळवून घ्या, तपासा, पण ऐका तरी. डीएनए चाचणीचा स्टॉल होता, किंमत ऐकून पुढे गेले, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतंच.

कुणी काय घ्यावं? मोडी अजिबात येत नसेल तर वर्ग कराच, कुठलाही करा, पण आधी तीन गोष्टी विचारा: महसुली कागद किती तास, स्कॅन देणार का, आणि माझा स्वतःचा कागद वर्गात उघडता येईल का. तिसऱ्याला नाही म्हणाले तर दुसरा वर्ग शोधा. प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, नकलेच्या खिडकीवर माझं कुणीही मागितलं नाही. पुढचा स्तर मी घेत नाहीये, बत्तीसशे रुपये आहेत आणि अभ्यासक्रमात परत तेच पेशवेकालीन कागद दिसतायत.

संमेलनाला जाताना नकला वेगवेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, प्रत्येकीवर सर्व्हे नंबर आणि साल पेन्सिलनं लिहून न्या, टेबलावर माणशी दहा मिनिटं मिळतात आणि निम्मे लोक ती कागद शोधण्यात घालवतात. पुढच्या वेळी फक्त दुसऱ्या दिवसाचं शुल्क घेणार का असं आयोजकांना विचारलंय, अजून उत्तर नाही. घेतलं तर ठीक, नाहीतर दोन्ही दिवसांचे भरून दुपारी जाणार, कारण अजून सहा पिढ्यांतल्या बायकांची नावं शोधायची आहेत आणि भाऊसाहेब परत येणार आहेत म्हणे.