मोबाईलचा ‘अँटी रेडिएशन’ स्टिकर : दोन आठवडे वापरून, मोजून लिहिलेला रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी १. किंमत ४९९ रुपये, एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण असे डझनभर स्टिकर बाजारात आहेत आणि दावा सगळ्यांचा जवळपास एकच असतो, मोबाईलच्या मागे चिकटवा, ९९ टक्के रेडिएशन शोषलं जातं, डोकं दुखणं थांबतं, झोप चांगली लागते.

घेतला मावशीसाठी. आमच्या समोरच्या बिल्डिंगवर टॉवर आहे आणि तो बसल्यापासून मावशीला वाटतंय की आपली डोकेदुखी त्याच्यामुळेच आहे, आणि खरं सांगायचं तर तिला असं वाटणं अगदी साहजिक आहे, दर निवडणुकीला कोणीतरी येऊन टॉवर हटवतो म्हणून सांगतं, मग ती म्हणते की त्यात काहीच नसेल तर ही माणसं उगाच कशाला बोलतील.

स्टॉलवरच्या माणसाला मी विचारलं की हे ९९ टक्के कुणी मोजलं? तर त्याने एक सर्टिफिकेट दाखवलं. घरी येऊन त्याचा फोटो मोठा करून नीट वाचला तेव्हा कळलं, त्यात फक्त एवढंच लिहिलंय की स्टिकरच्या मटेरियलमध्ये शिसं वगैरे नाहीये. रेडिएशनचा त्यात शब्दसुद्धा नाही! शिक्का, सही, लॅबचं नाव सगळं खरं, पण प्रश्न वेगळा आणि उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं, आणि गर्दीत उभं राहून इतकं बारीक कोण वाचतं.

दुसरं तो म्हणाला, “ताई, सरकारनेच मान्य केलंय चिपचं.” मला तेव्हा लगेच आठवलं नाही, नंतर शोधलं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाचे (गाईंसाठीचा केंद्र सरकारचा आयोग) तेव्हाचे अध्यक्ष वल्लभभाई कथीरिया यांनी शेणापासून केलेली मोबाईल चिप दाखवली होती आणि ती रेडिएशन कमी करते असं सांगितलं होतं. त्यावर देशातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र काढून साधे प्रश्न विचारले, प्रयोग कुठे झाला, कधी झाला, कुणी केला, निकाल कुठे छापला. आता यात गाईला विरोध कुठे आला? माझ्या आजोळी गोठा होता, शेणाने सारवलेल्या अंगणात मी वाढलेय. पण सरकारी खुर्चीतून एक वाक्य बोललं गेलं की ते त्या खुर्चीपाशी थांबत नाही, चार वर्षांनी पाच वर्षांनी एखाद्या स्टॉलवाल्याच्या तोंडून बाहेर पडतं, त्याच्या स्टिकरचा शेणाशी काही संबंध नसला तरी. म्हणून तिथल्या तिथे पुरावा मागणारी माणसं लागतात, आणि त्यांना लगेच धर्माच्या नाहीतर पक्षाच्या बाजूला उभं करणं मला फार चुकीचं वाटतं.

आता टेस्ट. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएम या मापात दिसते, आकडा १० ने खाली गेला की सिग्नल दहावा भाग उरतो. टेबलावर एकाच जागी फोन ठेवून स्टिकर लावून १० वेळा आणि काढून १० वेळा आकडा बघितला, दोन्हीकडे उणे ८८ ते उणे ९३ याच्यातच फिरत होता. ९९ टक्के अडवलं असतं तर हा आकडा २० ने खाली जायला हवा, म्हणजे उणे ११० च्या आसपास, आणि तिथे रेंज फारच कमी असते. स्टॉलवाला म्हणाला होता की तो फक्त “वाईट” रेडिएशन शोषतो, पण आपला आवाज ज्या लहरींवरून जातो तेच तर ते रेडिएशन, त्याच्यात चांगलं वाईट वेगळं काढता येत नाही. उलट खरोखरच अँटेना झाकला गेला तर फोन टॉवरपर्यंत पोचायला पॉवर वाढवतो.

मग मावशीची टेस्ट, तिला आधी सगळं समजावून सांगून, ती हो म्हणाली म्हणूनच. दोन सारखी काळी कव्हरं आणली, एकात स्टिकर, दुसऱ्यात त्याच जाडीचा पुठ्ठा. माझी मुलगी रोज सकाळी नाणं उडवून कव्हर बदलायची आणि लिहून ठेवायची, मावशी आणि मी दोघींना माहीत नाही आज कुठलं आहे. १४ दिवस. मावशीचं डोकं ५ दिवस दुखलं, वही उघडली तर त्यातले ३ दिवस स्टिकर होता. एका माणसावरची घरगुती टेस्ट आहे, यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण मावशीने वही दोनदा वाचली आणि स्वतःच म्हणाली की मग डोळ्यांचा नंबर तपासून घेऊ.

पूर्ण खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरी “कदाचित कॅन्सरकारक” या गटात टाकल्या, म्हणजे पुरावा अपुरा आहे पण शंका पूर्ण मिटलेली नाही असा गट. स्टॉलवर त्यातला फक्त कॅन्सर शब्द मोठ्या अक्षरात लावला होता. काळजी वाटत असेल तर इअरफोन लावा, रेंज कमी असताना लांब गप्पा नकोत, आणि फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबून सार व्हॅल्यू (फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप) बघा (काही फोनवर लगेच आकडा येतो, काहींवर मेनूत शोधावा लागतो), आपल्याकडे मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. यातलं बहुतेक सगळं फुकट आहे.

आणि असे स्टिकर, लॉकेट निरुपयोगी असले तरी निरुपद्रवी असतात असं समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने असली १० प्रॉडक्ट तपासली, ५जी पासून वाचवणारी म्हणून विकलेली लॉकेटं, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा, तर ती स्वतःच किरणोत्सारी निघाली आणि लोकांना वापर थांबवा म्हणून सांगावं लागलं.

शेजारचे काका म्हणाले जादूटोणा विरोधी कायद्याखाली तक्रार कर. पण २०१३ चा तो कायदा अघोरी प्रथांसाठी आहे, हा स्टिकर विज्ञानाचे कपडे घालून येतो. याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं फसव्या जाहिरातीचं कलम लागतं, म्हणून १९१५ हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने अजून पैसे परत केलेले नाहीत.

सोसायटीत मात्र एक चांगलं झालं. सगळ्या घरांसाठी मिळून स्टिकर घ्यायचा विचार चालला होता, मी मीटिंगला वही आणि आकडे घेऊन गेले. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये भरले की कुठल्याही टॉवरचं रेडिएशन मोजून रिपोर्ट मिळतो, आणि २०१२ पासून आपली टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, तर त्या आकड्याशीच ताडून बघू म्हटलं. तासभर वाद झाला, एकाने मला टॉवर कंपनीची माणूस ठरवलं, पण शेवटी मावशीच उठून बोलली की एकदा मोजून तरी घ्या. रविवारी पैसे जमा करतोय, रिपोर्ट आला की जो काही आकडा असेल तो, जास्त आला तरी, इथेच खाली ऍड करते.