प्रीफोर्क सोडून इव्हेंटवर आलो, त्याला आठ महिने झाले

दादरच्या एका फराळवाल्यांची वेबसाइट मी सांभाळतो. २ जीबी रॅम, अपाची २.४ (वेब सर्व्हर), पीएचपी. प्रीफोर्क आणि इव्हेंट या अपाचीच्या विनंत्या हाताळायच्या दोन पद्धती, तेव्हा प्रीफोर्क चालू होती. गेल्या गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर सुरू झाल्या आणि साइट बसली. सीपीयू जवळजवळ रिकामा, रॅम मात्र संपून स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) सुरू. सर्व्हर-स्टेटस (अपाचीची प्रत्येक प्रोसेस काय करतेय ते दाखवणारं पान) उघडलं तर ओळीच्या ओळी ‘के’ (कीपअलाइव्ह) अक्षराने भरलेल्या. म्हणजे पान देऊन झालंय आणि प्रोसेस त्याच गिऱ्हाइकाच्या पुढच्या विनंतीची वाट बघत उभी आहे.

कनेक्शन उघडं ठेवणं वाईट नाही. एचटीटीपी १.१ मध्ये तोच रिवाज आहे, त्यामुळे दर चित्रासाठी नव्याने हँडशेक लागत नाही. पण प्रीफोर्कमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे एक अख्खी प्रोसेस अडकते, पोटात पीएचपी घेऊन. तिकीट दिल्यावरही खिडकीवरचा कारकून त्याच प्रवाशाकडे बघत बसला तर मागच्या रांगेचं काय होईल, तेच इथे होतं. त्यात आमची बरीच गिऱ्हाइकं लोकलमधून ऑर्डर देतात. मध्येच नेटवर्क गेलं की फोन गप्प होतो आणि सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. कीपअलाइव्ह टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा, जुन्या कॉन्फिगमधून आलेला, १५ सेकंदांचा, २.४ मध्ये मुळात ५ असतो. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स (एका वेळी जास्तीत जास्त प्रोसेस) २५६. एका प्रोसेसला ४० एमबी धरले तरी १० जीबी होतात! हा हिशेब मी आधीच करायला हवा होता.

इव्हेंटमध्ये रिकामी कनेक्शनं एक लिसनर थ्रेड सांभाळतो आणि वर्कर (पान देणारा थ्रेड) लगेच मोकळा होतो. पीएचपी एफपीएमकडे (पीएचपी चालवणाऱ्या वेगळ्या प्रोसेसकडे) गेल्यामुळे चित्रं, सीएसएस देणाऱ्या प्रोसेस हलक्या झाल्या. दिवाळीत गर्दी गणपतीपेक्षा जास्त होती, तरी स्वॅपला हात लागला नाही.

त्रासही झाला. मॉड-पीएचपी (अपाचीच्या पोटातलं पीएचपी) काढल्यावर एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमधल्या पीएचपी-व्हॅल्यूच्या ओळींनी ५०० एरर दिला. त्या सेटिंग यूझर-आयएनआय या पीएचपीच्या फाइलमध्ये हलवाव्या लागल्या. मेमरीचा प्रश्नही मिटला नाही, फक्त एफपीएमकडे सरकला. मोठी एक्सेल फाइल काढून झाली तरी ती चाइल्ड प्रोसेस बऱ्याचदा फुगलेलीच राहते, म्हणून मॅक्स-रिक्वेस्ट्स (इतक्या विनंत्यांनंतर ती बंद होऊन नवी सुरू होते) ५०० ठेवलंय. मॅक्स-चिल्ड्रन (एफपीएमच्या जास्तीत जास्त प्रोसेस) ठरवताना पीएस कमांडमधला आरएसएस (प्रोसेसने घेतलेली रॅम) नुसता बेरजेला घेऊ नका, मेमरीची सामायिक पानं त्यात दरवेळी मोजली जातात, पीएसएस (ती पानं वाटून मोजणारा आकडा) बघा. माझा आकडा त्यामुळे १२ वरून १८ वर गेला.