एक्सपल्स २०० ४व्ही : उंच सीट, अर्धा क्लच आणि बोरणे घाट

मी साताऱ्यात गोडोलीला राहते आणि ठोसेघरच्या पुढे एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. अठरा वर्षे मी बिनगिअरची स्कूटर चालवली. बोगदा ओलांडून सज्जनगडाचा फाटा मागे टाकला की बोरणे घाटापर्यंत ती मुकाट्याने येत असे, परंतु डांबर संपल्यावर वाडीकडे जाणाऱ्या शेवटच्या तीन किलोमीटरच्या मुरमाच्या वाटेवर तिची लहान चाके प्रत्येक खड्ड्यात उतरत, आणि पावसाळ्यात गाडीने मला नेण्याऐवजी मीच गाडीला शाळेत नेत असे. म्हणून गेल्या डिसेंबरात मी २०२२ सालची, एकाच मालकाने वापरलेली हीरो एक्सपल्स २०० ४व्ही ही कच्च्या वाटांसाठी बनवलेली मोटरसायकल घेतली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिलीच गिअरची गाडी, आणि तीही अशी उंच घ्यावी का, असा प्रश्न घरातील प्रत्येकाने विचारला. नऊ महिन्यांच्या वापरानंतर त्याचे उत्तर आता मला नीट देता येईल.

या गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे आणि माझी पाच फूट तीन इंच. दोन्ही पाय एकाच वेळी टेकवायला गेले तर फक्त चवडे टेकतात. दुकानदाराने लगेच सीटचा फोम कापून घेण्याचा आणि मागचा शॉकअप खाली घेण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही, याचे श्रेय आमच्या शेजारच्या काकांना आहे. त्यांच्याकडे २०११ साली बाजारात आलेली, याच कंपनीची, अशीच उंच, जुनी इम्पल्स अजून चालू स्थितीत आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारले, ‘घाटात चढावर थांबल्यावर उजवा पाय कुठे असतो?’ तो मागच्या ब्रेकवर असतो; म्हणजे तिथे उंच माणसालाही डावा एकच पाय टेकता येतो. थांबण्याआधी सीटवर किंचित डावीकडे सरकले की माझा डावा पाय पूर्ण टेकतो आणि तेवढा पुरतो. मात्र आपला रस्ता कडेकडे उतरता असल्यामुळे अगदी डाव्या कडेला थांबले तर जमीन पायापासून आणखी चार बोटे लांब जाते. याच हिशेबात चुकून मी पोवई नाक्याजवळ भर गर्दीत, गाडी जागेवर उभी असताना, आडवी झाले. तेव्हापासून मी कडेपासून हातभर आत थांबते. उंचीचा प्रश्न असा पंधरा दिवसांत मिटला.

क्लचचा मात्र मी विचारच केला नव्हता, आणि त्याने माझे दोन महिने घेतले. स्कूटरच्या सवयीने मी वळण आले की ॲक्सिलरेटर सोडून देत असे. या १९९.६ सीसीच्या इंजिनाचा सर्वाधिक जोर, १७.३५ न्यूटन-मीटर, मिनिटाला ६५०० फेऱ्यांना मिळतो. त्यामुळे बोरणे घाटाच्या तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या पडू दिल्या की ते आधी धडधडते आणि मग बंद पडते. काकांनी मला एका मोकळ्या माळावर नेऊन आठवडाभर एकच धडा दिला: पहिला गिअर, अर्धा क्लच, ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला आणि चालत्या माणसाच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा. हे कंटाळवाणे असते आणि डावे मनगट दुखते. पण वेग ॲक्सिलरेटरने कमी-जास्त न करता क्लचने करायचा असतो, हे एकदा हाताला कळले की १५८ किलोंची ही गाडी मुंगीच्या गतीनेही तोल सोडत नाही. मुलांना गिरवायला लावणारी मी स्वतः आठ गिरवत होते, हे शाळेत मी कोणाला सांगितले नाही.

आता ज्या वाटेसाठी गाडी घेतली तिच्याविषयी. पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ इंची आहे, इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा आहे, पुढचा शॉकअप १९० आणि मागचा १७० मिलिमीटर दबतो. या आकड्यांचा अर्थ मुरमाच्या वाटेवर पहिल्याच दिवशी कळला: ज्या खड्ड्यात स्कूटरचे चाक उतरत असे, त्यावरून हे मोठे चाक नुसते गेले. त्याचा लाभ घेण्यासाठी मात्र चालवणाऱ्याने उभे राहायला शिकावे लागते. फुटरेस्टवर उभे राहून गुडघे किंचित वाकवले, टाकी गुडघ्यांत धरली आणि हँडलवरची मूठ सैल ठेवली की गाडी खाली हवी तेवढी हलते आणि आपण वर स्थिर राहतो. घाबरून हँडल आवळले की प्रत्येक दगडाचा धक्का सरळ खांद्यात येतो आणि पुढचे चाक आपली वाट सोडते. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवली तर गाडी नेमकी त्याच दगडावर जाते, हेही मी दोनदा आपटून शिकले.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. खडीच्या उतारावर मागचे चाक थोडे घसरू देता येते, हा त्याचा फायदा. पण पावसाळ्यात ओल्या डांबरावर तेच चाक पाय जोरात पडताच जाम होते, तेव्हा पाय हलका ठेवावा लागतो. उतारावर पहिला गिअर ठेवून क्लच अजिबात न दाबणे सर्वांत सुरक्षित. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कोणतेच कसब चालत नाही. तिथे मी उतरून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या बाजूने चालते.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर उंच गाडीला वाऱ्याचा आडवा झोत चांगलाच लागतो, आणि तिथेही मूठ सैल ठेवणे हाच उपाय आहे. या गाडीला जाहिरातीत काहीही म्हणत असले, तरी ती कास पठाराच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या सपाट कातळावर, घालायची नाही. जांभ्यावरच्या बोटभर मातीत तिथली फुले उगवतात, आणि २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या त्या जागी चाकाचा एक चरा वर्षानुवर्षे राहतो.

चाके स्पोकची असल्याने टायरमध्ये ट्यूब असते, आणि पंक्चर काढायचे तर चाक उतरवावेच लागते. ठोसेघरच्या पुढे पंक्चरवाला मिळण्याची आशा धरू नये. मी २१ इंची एक ट्यूब आणि हातपंप कायम जवळ ठेवते. ती ट्यूब अडीअडचणीला मागच्या १८ इंची चाकातही चालते, पण याच्या उलट होत नाही.

चेनबाबत एक सूचना आवर्जून देते. शहरातल्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी चेन साध्या गाडीसारखी ताणून दिली. गाडी उभी असताना ती बरोबर वाटली, पण या गाडीचा मागचा शॉकअप जेवढा दबतो तेवढी चेन आणखी ताणली जाते, आणि मी बसताच ती तारेसारखी कडक झाली. तक्रार केली तर ‘मॅडम, नवीन चालवताय म्हणून वाटतंय’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून चेन मी घरीच, वर कोणाला तरी बसवून, तपासते.

मला लिटरला ३६ ते ३८ किलोमीटर मिळतात, आणि १३ लिटरच्या टाकीमुळे आठवडाभर पंपावर जावे लागत नाही. महामार्गावर मात्र ही गाडी माझ्या मनात भरली नाही. ताशी ७० पर्यंत ती समाधानी असते; त्यापुढे पाचच गिअर असल्याचे जाणवते, सरळ बसल्यामुळे वारा छातीवर येतो आणि अरुंद सीटवर तासाभराने माणूस अवघडतो. खंबाटकी घाटापर्यंत मी एकदा जाऊन आले. पुण्याला जायचे असेल तर मी अजूनही एसटीनेच जाते.